नऊ सेंटिमीटर सात मिलिमीटर

दादाचं आणि माझं बोलणं बंद झालं ते एका सावलीपायी. असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे, की ही बरी आहे ना. घरावरून, शेतावरून भावाबहिणीचं फाटलं तर सगळ्यांना समजतं, सावलीवरून समजत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते. सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे, तो आवरण्याचे कष्ट मी आता घेत नाही.

मी मूळची अमरावतीची. लग्न होऊन बंगळुरूला आले त्याला तीस वर्षं होऊन गेली, आणि जे. पी. नगरच्या या फ्लॅटमध्ये वीस. इथल्या एका सरकारी कारखान्यात मी मापन विभागात होते. बाकीचे लोक वस्तू मोजायचे, आम्ही त्यांच्या मोजपट्ट्या मोजायचो. एका केसाच्या जाडीच्या दहाव्या भागावरून मी साहेबांशी भांडलेली आहे. माल अडवून ठेवलेला आहे. 'मॅडम, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी', थोडं चालवून घ्या, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, पुढे जे झालं त्यासाठी सांगते.

बंगळुरूत वर्षातून दोन दिवस असे येतात की भर दुपारी उभ्या खांबाला सावली राहत नाही. एक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, एक ऑगस्टचा मध्य उलटल्यावर. दुपारी सूर्य डोक्यावर आला असं आपण रोजच म्हणतो, पण ते नुसतं म्हणणं झालं. खरोखर अगदी डोक्यावर तो विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यातच येतो, तेही वर्षातून दोनदा, उत्तरेकडे जाताना आणि परतताना. दिल्लीवाल्यांच्या नशिबात ते कधीच नाही. आपल्याकडे त्या दिवशी गच्चीत पाण्याची बाटली उभी केली तर तिची सावली तिच्याच बुडाखाली जाते. पाच मिनिटं तसं दिसतं, मग पुन्हा दुसऱ्या बाजूने सावली डोकावते.

आता गंमत अशी की आमची अमरावती बंगळुरूच्या बरोबर वर आहे. नकाशावर पट्टी उभी ठेवून बघा, रेष जवळजवळ सरळ जाते. अंतर हवेतून मोजलं तर आठशे पंच्याऐंशी किलोमीटर. एकाच उभ्या रेषेवर असल्यामुळे दोन्हीकडे खरी दुपार एकाच मिनिटाला होते. फक्त पृथ्वी गोल असल्यामुळे, इथे सावली शून्य असते त्या क्षणी तिथे एक मीटरच्या दांडीची सावली चौदा सेंटिमीटर पडते. त्यावरून कोन काढला की आठ अंश येतो. आठ अंशांना आठशे पंच्याऐंशी किलोमीटर, तर अख्ख्या तीनशे साठ अंशांना किती? पंचेचाळीस पट. झाली पृथ्वी मोजून, चाळीस हजार किलोमीटरचा घेर. दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या एका ग्रंथपालाने हेच केलं होतं, त्याच्याकडेही काठी आणि डोकं याशिवाय काही नव्हतं.

आमच्याकडे हे सुरू झालं बाबा गेल्यावर. आई अमरावतीला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. बाबा गेले आणि ती एकदम गप्प झाली, तेव्हा मीच तिला म्हटलं, तू तिकडून मोज, मी इकडून मोजते. चामराजपेटेत पितळी नळ्यांचं एक दुकान-कम-वर्कशॉप आहे, तिथून एकाच नळीच्या दोन दांड्या कापून घेतल्या. दुकानदार म्हणाला, स्वल्प कमीजास्त चालेल ना अक्का? मी म्हटलं, नाही चालणार. तासभर घासून दोन्ही सारख्या करून घेतल्या आणि एक जुन्या साडीत गुंडाळून गाडीतून अमरावतीला नेली. दादा स्टेशनवर घ्यायला आला होता. म्हणाला, लोक बंगळुरूहून रेशीम आणतात, ही बाई पडद्याचा रॉड घेऊन आली.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन अमरावतीच्या घरातच राहतो, वहिनी, तो आणि आई. सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून मला शाळेत सोडणारा दादा. हे लिहिताना सुद्धा मला राग येतो, पण ते खरं आहे आणि खोडता येत नाही.

आईचा एक नियम होता. शाळेत लंबकाच्या प्रयोगात मुलींना गुरुत्वाचा आकडा काढायचा असतो, पुस्तकात तो नऊशे ऐंशी दिलेला. आई वर्गात सांगायची, "जिचं उत्तर बरोबर नऊशे ऐंशी आलं तिने आधी माझ्याकडे यायचं." कारण दोरा, गोळी आणि शाळेचं ते घड्याळ यांतून बरोबर नऊशे ऐंशी येणं शक्यच नव्हतं. तिने मागच्या पानावरचं उत्तर बघून रीडिंग बनवलेलं असायचं. आई म्हणायची, जे दिसलं ते लिही, पृथ्वी तुझ्या मार्कांसाठी फिरत नाही. घरीही तेच. ताप आला तर थर्मामीटरमध्ये दिसेल तेवढाच ताप, एक रेघ जास्त सांगून शाळा बुडवता यायची नाही.

सावली ती फार निगुतीने मोजायची. ओळंबा लावून दांडी अगदी सरळ उभी करायची. दांडीभोवती खडूने वर्तुळ काढायचं. दुपारच्या आधी सावलीचं टोक आत येताना वर्तुळाला शिवतं ती वेळ टिपायची, दुपारनंतर पुन्हा बाहेर जाताना शिवतं ती टिपायची, आणि दोन्हींचा मध्य म्हणजे खरी दुपार. घड्याळ त्या दिवशी रेडिओच्या बातम्यांवर लावायचं, कारण आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ कायम पंधरा मिनिटं पुढे. बाबांना गाडी चुकायची भीती होती, म्हणून ते तसं ठेवायचे, आणि ते गेल्यावरही कुणी मागे केलं नाही. सव्वाच्या सुमारास आईचा मोबाइलवर निरोप यायचा, दोनच ओळी, सावली इतकी, मध्यान्ह इतकी वाजता. सहा वर्षं सावली चौदाच्या आगेमागे आली. कधी तेरा-नऊ, कधी चौदा-एक.

गेल्या दिवाळीत आईने फोनवर विचारलं होतं, "तुझ्याकडे येऊ का काही दिवस?" ती असं कधी विचारत नाही. मी म्हटलं, ये ना, पण आमच्याकडे फरशीचं काम निघालंय, सगळं घर खणलंय, धूळ नुसती. ते झालं की ये. ती म्हणाली, बरं. मग त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

एप्रिलचा दिवस आला. या वर्षी मी तो जरा मोठा केला. आमच्या गच्चीवर ओळखीतली मराठी मुलं बोलावली, सर्जापूर रोडवरून त्यांचे आईबाप गाड्या काढून आले. पुण्या-मुंबईकडची नवी मंडळी, 'सो काकू, बेसिकली' करत बोलणारी, पण उत्साही. मी तक्ता करून ठेवला होता. बंगळुरू, सावली शून्य. अमरावती, सावली... पुढे रिकामी चौकट. बारा सतराला आमची बाटली सावली गिळून बसली आणि मुलं नाचली. मग कोकम सरबत पीत सगळे आईच्या निरोपाची वाट बघत बसलो.

निरोप आला. सावली ९.७ सेंमी. मध्यान्ह १२.३२.

मुलांच्या हातात कॅल्क्युलेटर तयार होते. त्यांनी आकडे घातले आणि पृथ्वीचा घेर आला सत्तावन्न हजारांच्या वर. पृथ्वी एकदम फुगली. पोरं हसायला लागली. वीस जणांसमोर माझा चेहरा पडला. एका मुलाचे वडील म्हणाले, "काकू, हे आउटलायर आहे, ड्रॉप करा." मी म्हटलं, हो, आजीला मोतीबिंदू आहे, दांडी तिरकी लागली असणार, आणि वेळ तिने भिंतीवरच्या घड्याळात बघितलेली दिसते, ते पंधरा मिनिटं पुढे असतं. बारा बत्तीसमधून पंधरा काढले की बारा सतरा, बघा, बरोबर आलं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मी मार्कर घेतला आणि त्या चौकटीत १४ लिहिलं. मग पृथ्वी बरोबर चाळीस हजार आली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मी तक्त्याचा फोटो आईला पाठवला, खाली लिहिलं, आली बघ पृथ्वी. तिचं उत्तर आलं, नुसते जोडलेले हात.

संध्याकाळी फोन केला. आमचा रोजचा सातचा फोन. मी विचारलं, ओळंबा लावला होतास का? म्हणाली, लावला होता. घड्याळ? "रेडिओवर लावलं होतं." मी म्हटलं, आई, आता वय झालं तुझं, पुढच्या वेळी दादाला शेजारी उभं कर. ती म्हणाली, "भाजी कशाची केलीस?"

त्या महिन्यांत फोनमधून मागे बायकांचे आवाज यायचे. ताटं वाजायची, कुणीतरी भजन म्हणायचं. मी विचारलं तर आई म्हणायची, वहिनीची भिशी आहे. रोज कसली भिशी, हे माझ्या डोक्यात आलं नाही. व्हिडिओ कॉल तिला आधीपासूनच नको असायचा, म्हणायची, तोंड काय बघायचं. दादाला फोन केला तर आई पडली आहे जरा, किंवा देवळात गेली आहे. सगळं अगदी रोजच्यासारखं.

ऑगस्टमध्ये ढग होते. मुलांचा कार्यक्रम मी रद्दच केला आणि गच्चीवर एकटी गेले. बारा चोवीसला ढग फाटले तेवढ्यात बाटलीची सावली बुडाखाली गेलेली दिसली. आईकडून काही येईल असं वाटलं नव्हतं. सव्वा वाजून गेल्यावर निरोप आला. सावली ९.७ सेंमी. मध्यान्ह १२.३९. ढग असल्यामुळे दोन वर्तुळं काढली, दोन्हींचा मध्य एकच आला.

मी पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसले. माणसाचा हात चुकतो तेव्हा दर वेळी वेगळा चुकतो. दांडी तिरकी लागली तर एकदा इकडे लागेल, एकदा तिकडे. एप्रिलमध्ये तिरकी दांडी आणि ऑगस्टमध्ये तिरकी दांडी मिलिमीटरला मिलिमीटर सारखी येत नाही. चूक एकाच जागी ठाण मांडून बसली तर ती चूक नसते, तिथे खरोखर काहीतरी असतं. हे वाक्य मी नोकरीत नव्या मुलांना इतक्यांदा ऐकवलं होतं की ती माझी नक्कल करायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत.

मग चार महिन्यांपूर्वी करायचं ते आता केलं. आकडे खरे आहेत असं धरलं. आकडे खरे, तर दांडी कुठे उभी आहे? सावली नऊ-सात म्हणजे कोन साडेपाच अंश. म्हणजे दांडी बंगळुरूच्या उत्तरेला साडेपाच अंश, सहाशे दहा किलोमीटर. अमरावतीपर्यंत ती पोचतच नाही. आणि दुपार माझ्याहून पंधरा मिनिटं उशिरा. घड्याळ अख्ख्या देशाचं एक असलं तरी सूर्य गावोगाव आपल्या वेळेने माथ्यावर येतो, पूर्वेकडे आधी, पश्चिमेकडे नंतर. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. पंधरा मिनिटं म्हणजे पावणेचार अंश पश्चिमेला. खाली येऊन मुलाचा जुना शालेय नकाशासंग्रह काढला. एक आडवी रेघ मारली, एक उभी. दोन्ही रेघा पुण्यावर एकमेकींना छेदून गेल्या.

पुण्यात आमचं कुणीही नाही. मी तीनदा गणित केलं. चौथ्यांदा नवऱ्याला करायला लावलं. त्याचंही पुणेच आलं.

दादाला फोन करायच्या आधी मी अमरावतीच्या शेजारच्या काकूंना केला. त्या आईच्याच शाळेत होत्या. माझा आवाज ऐकून त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "काय म्हणते आमची मैत्रीण? तिथली हवा मानवली म्हणे तिला."

मी म्हटलं, कोण सांगतं?

"तुझा दादाच सांगून राहिला जानेवारीपासून. पोरीकडे बंगळुरूला आहे, मजेत आहे. मी म्हटलं, बरं झालं बापा, शेवटी पोरगीच धावून आली. काहून, काय झालं?"

मी काही नाही म्हणून फोन ठेवला. आई घरात नाही हे मला कळलं होतं, पण ती माझ्याकडे आहे हे मला पहिल्यांदाच कळत होतं. सात-आठ महिने अख्खी गल्ली मला आशीर्वाद देत होती. मला सांगायचं आई घरी आहे आणि घरी सांगायचं आई माझ्याकडे आहे, आणि मधल्या मध्ये आई तिसरीकडेच. केसाने गळा कापणं ऐकलं होतं, कसं कापतात ते त्या दिवशी कळलं.

दादाने फोन उचलला. मी सरळ विचारलं, आई पुण्यात कुठे आहे?

तो म्हणाला, "तिने सांगितलं का तुला?"

"नाही. कुठे आहे?"

"चांगली जागा आहे. डॉक्टर आहे, बाग आहे. वहिनीचे गुडघे गेले, मला एकट्याला होत नव्हतं. जिन्यात पडली असती एखाद्या दिवशी."

"मग अमरावतीत नव्हती का जागा? मला का नाही विचारलंस?"

"अमरावतीत? अर्ध्या गावाला शिकवलंय तिने. लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं."

"म्हणून माझं नाव सांगितलंस."

"तुझं नाव काही वाईट नाही झालं," तो म्हणाला. "चांगलंच झालं. पोरीने आईला सांभाळलं म्हणतात लोक. आणि तू काय नेऊन राहिली होती तिला? फरशी झाली का तुझी?"

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. मी फोन बंद केला आणि तेव्हापासून त्याच्याशी बोललेली नाही. फरशीच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने पुण्याला गेले. पत्ता दादाने नवऱ्याच्या फोनवर पाठवला होता, तेवढी लाज शिल्लक होती म्हणायची. गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, स्वच्छ जागा. मला ती घाणेरडी असायला हवी होती, म्हणजे मला ओरडता आलं असतं. अंगणाच्या कोपऱ्यात फरशीवर खडूची दोन वर्तुळं पावसाने अर्धी पुसलेली दिसली. आई खोलीत खाटेवर बसून शेंगा सोलत होती. पितळी दांडी खिडकीशी दोन खिळ्यांवर आडवी टांगलेली, तिच्यावर टॉवेल वाळत होता. सामान बांधताना पडद्याचा रॉड आहे असं सांगून तिने ती आणली होती.

ती म्हणाली, "आलीस? चार महिने लागले."

मी तिच्यावर ओरडलेच. रोज संध्याकाळी सात वाजता तू माझ्याशी खोटं बोललीस, म्हटलं. भिशी काय, देऊळ काय. मी कोण आहे तुझी? शेजारच्या खाटेवरच्या बाई उठून बाहेर गेल्या.

"बोलले खोटं," आई म्हणाली. "त्याने गळ्याची शपथ घातली होती, तिला सांगायचं नाही म्हणून. पोराची शपथ आहे ती, काय करू? तोंडाने बोलले. लिहिताना नाही बोलले."

मी खाली बसले. ती शेंगा सोलतच राहिली.

"मला वाटलं, माझी पोरगी आयुष्यभर मोजपट्ट्या मोजते. तासाभरात फोन येईल, आई तू आहेस कुठे म्हणून. फोनची वाट बघत जेवले नाही मी त्या दिवशी. मग तुझा तक्ता आला. चौदा." तिने टरफलं ताटलीच्या कडेला सारली. "मी समजले. म्हटलं, हिने ओळखलं. ओळखलं आणि झाकून टाकलं. दादासारखंच. मग मी हात जोडले."

मी म्हटलं, आई, शपथ, मला नाही कळलं. मला खरंच वाटलं तू चुकलीस.

तिने माझ्याकडे नीट बघितलं, जर्नल तपासताना बघायची तसं. "आणि चौदा कुठून आणलंस?"

"मागच्या वर्षीचं," मी म्हटलं.

तिने बोलावं म्हणून मी थांबले, पण नाही बोलली. वर्गात कुणाचं उत्तर बरोबर नऊशे ऐंशी आलं की ती अशीच गप्प व्हायची आणि वही परत द्यायची. दादाचा राग मला येत होता आणि अजून येतो, पण त्या खोलीत तो काही उपयोगाचा नव्हता. मी विचारलं, मग ऑगस्टमध्ये पुन्हा का पाठवलंस? तिने सांगितलं, "रीडिंग आलं की द्यायचं. घेणाऱ्याने काय करायचं ते घेणारा बघेल."

मग मी तिला चल म्हटलं. ती म्हणाली, तुझ्याकडे काम चाललंय ना फरशीचं?

"झालं ते."

"कधी?"

मी म्हटलं, मार्चमध्ये.

तिने मान हलवली. ताटली बाजूला ठेवून ती उठली आणि ट्रंकेतून साड्या काढून खाटेवर ठेवायला लागली. मी दांडीवरचा टॉवेल काढला आणि दांडी एका साडीत गुंडाळली.

आता ती इथे आहे. खालच्या वॉचमनशी दोन-चार कन्नड शब्द बोलते, त्याच्या प्रत्येक गोष्टीवर 'सरी, सरी', बरं, बरं, म्हणते. दादा तिला फोन करतो आणि ती त्याच्याशी बोलते, औषध घेतोस का, गुडघे कसे आहेत वहिनीचे. आपलेच दात, आपलेच ओठ, असं मला म्हणते. मी त्या वेळी गच्चीवर जाते. मला नाही जमत आणि जमवायचंही नाही.

आल्यावर आठवड्याभरात तिने तो एप्रिलचा तक्ता मागितला. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. मी काढून जेवणाच्या टेबलावर पसरला. टाळ्यांच्या दिवशीचा, मुलांनी कडेला सूर्य रंगवलेला. मी पांढरा रंग घेऊन आले, १४ वर लावायला.

"पांढरं नाही," ती म्हणाली. "तुमच्या कारखान्यात कसं करायचे?"

कारखान्यात चुकलेला आकडा आम्ही कधी पुसत नसू. त्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची, कुणी बदललं ते कळावं म्हणून. मी १४ वर एक रेघ मारली. शेजारी ९.७ लिहिलं. अमरावतीवर रेघ मारून पुणे लिहिलं. दोन्हीकडे सही केली.

आई चष्मा लावून वाकली, बराच वेळ बघत होती. मला वाटलं, आता बरोबर म्हणेल.

"तारीख टाक," ती म्हणाली.

मी विचारलं, कुठली, एप्रिलची?

"आजची. दुरुस्ती केली त्या दिवसाची टाकतात. किती दिवस लागले ते दिसलं पाहिजे."